चढाईचे गुण, लिलावाचे भाव आणि आपला संघ कोणता?

प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की नरोलीतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : आपला संघ कोणता? पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या मुलांना हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे मात्र गंमत असते. वडील कामासाठी सांगली-साताऱ्याहून किंवा जळगाव-धुळ्याहून इथे आले. मुलांचा जन्म सिल्वासातला. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कंपनीत हिंदी. त्यामुळे आमच्याच बिल्डिंगमध्ये एका घरात वडील यू मुंबाचे, काका पुणेरी पलटणचे आणि धाकटा मुलगा गुजरात जायंट्सचा, असे तीन पक्ष आहेत. सामना कोणाचाही असो, दुसऱ्या दिवशी खाली बाकावर चर्चा ठरलेली. शेवटी ती तीन विषयांवरच येते : मोठा खेळाडू कोण, विक्रम कोणाचा खरा आणि पुढच्या लिलावात कोण कुठे जाणार.

आमच्या युवा मंडळींमध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे वेड असलेलेही काही जण आहेत. ते पहाटे उठून सामने बघतात आणि जॉर्डन की लेब्रॉन यावर भांडतात. ऐकल्यावर लक्षात येते की खेळ वेगळा असला तरी भांडण तेच आहे. म्हणून म्हटले, या वादाची आपल्या मातीतली बाजू एकदा नीट लिहून काढावी.

प्रदीप की पवन?

आमच्या बाकावरचा सगळ्यात जुना वाद हाच. प्रदीप नरवाल म्हणजे डुबकीचा बादशहा. समोरच्यांची साखळी अंगावर येत असताना हा खाली वाकून हातांखालून निसटायचा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सने सलग तीन विजेतेपदे मिळवली, त्याचा कणा हाच खेळाडू होता. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. हरियाणाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तर एकट्याने ३४. लीगमधली त्याची एकूण कमाई १,८०१ गुणांची आहे.

पवन सेहरावतचे लोक लगेच दुसरा आकडा पुढे करतात. २ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका सामन्यात चढाईचे ३९ गुण घेतले. प्रदीपचा ३४ चा विक्रम मोडला. त्याआधी सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात २२ गुण घेऊन त्याने बंगळूरू बुल्सला विजेतेपद मिळवून दिले होते.

आपल्या गुजरात समर्थकांचे दुःख इथे वेगळे सांगायला हवे. पाचव्या हंगामाचा अंतिम सामना त्यांचा संघ प्रदीपच्या पाटण्याकडून ५५-३८ असा हरला आणि सहाव्याचा पवनच्या बंगळूरूकडून ३८-३३ असा. त्यामुळे 'दोघांत मोठा कोण' असे विचारले की आमच्या बिल्डिंगमधला गुजरातवाला मुलगा म्हणतो, "दोघेही नकोत, विषय बदला!"

बेरीज बघायची की सरासरी?

३६९ हा आकडा मोठा आहेच, पण ते गुण २६ सामन्यांतले आहेत. सरासरी काढली तर सामन्याला सुमारे १४.२ गुण पडतात. पवनने सातव्या हंगामात २४ सामन्यांत ३४६ गुण घेतले, म्हणजे सामन्याला सुमारे १४.४. एकूण बेरजेत प्रदीप पुढे, सरासरीत पवन किंचित पुढे. दोघांचेही समर्थक खरे बोलत असतात, फक्त प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा सांगतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या चार हंगामांत आठच संघ होते. पाचव्या हंगामापासून बारा झाले आणि सामन्यांची संख्या वाढली. म्हणून पहिल्या हंगामातल्या अनुप कुमारची एका हंगामाची बेरीज आजच्या चढाईपटूच्या बेरजेशेजारी ठेवणे अन्यायाचे आहे. अनुप २०१४ मध्ये त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू होता. यू मुंबाला २०१५ चे विजेतेपद त्याच्याच नेतृत्वाखाली मिळाले. शांत डोक्याने बोनस घेऊन परतणे, तिसऱ्या म्हणजे 'करो या मरो'च्या चढाईत एकच गुण घेणे, आघाडी असताना वेळ काढणे, यांपैकी बरेच काही आकड्यांत दिसत नाही. सामना जिंकण्यात मात्र ते असते.

नियम बदलले की विक्रमही बदलतो

आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत. तरुणपणी ते कोल्हापूरकडे मातीवर खेळले. ते मुलांना म्हणतात, "तुमचे ते मॅटवरचे गुण मला सांगू नका. आम्ही ढोपर फोडून घ्यायचो." पोरे हसतात, पण काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या काळी आपल्याकडे हुतूतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार खेळले जात. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी मारला की परत येतो. गामिनीत बाद झालेला गडी पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमरमध्ये तर बाद होऊनही गडी मैदानातच, फक्त गुण मोजायचा. तीन प्रकारांतल्या तीन चढाईपटूंची तुलना कशी करणार?

या खेळाला नियमात बांधण्याचे काम गेल्या शतकात महाराष्ट्रातल्या आणि बडोद्यातल्या कार्यकर्त्यांनी केले. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी कबड्डी देशभर आणि परदेशात नेण्यासाठी आयुष्य घालवले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले होते. म्हणजे हा वारसा महाराष्ट्राचा आहे तितकाच आपल्या या पट्ट्याचाही. बडोदे तर इथून घरच्यासारखे.

बास्केटबॉलवाल्यांनाही हेच कोडे सोडवावे लागते. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉन जेम्सने करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मागे टाकला. तो विक्रम जवळजवळ ३९ वर्षे टिकला होता. पण लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देण्याचा नियम एनबीएमध्ये १९७९-८० च्या हंगामात आला. करीम तेव्हा दहा वर्षे खेळून झाला होता. त्याने संपूर्ण कारकिर्दीत तीन गुणांचे एकच बास्केट केले, लेब्रॉनने दोन हजारांहून जास्त. आणि दोघांपेक्षा कितीतरी कमी सामने खेळलेल्या मायकेल जॉर्डनची सरासरी सामन्याला ३० च्या वर. आता सांगा, मोठा कोण? उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे.

पकड करणाऱ्याला कोण विचारतो?

वादात नेहमी चढाईपटूंचीच नावे निघतात. चढाईत एका झटक्यात तीन-चार गुण मिळू शकतात, पकडीला एकच गुण. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड झाली, तरच दोन. त्यामुळे गुणांच्या यादीत बचावपटू खालीच राहतो. इराणचा फझल अत्राचली पकडींच्या पाचशेहून अधिक गुणांचा धनी आहे. यू मुंबा, गुजरात आणि पुणेरी, आपल्या तिन्ही पक्षांकडून तो खेळला आहे. आमच्या बाकावर वाद फारच चिघळला की कोणीतरी फझलचे नाव घेते आणि सगळे एकदाचे सहमत होतात.

त्याचाच देशबांधव मोहम्मदरझा शादलू. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने त्याला २.३५ कोटींना घेतले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी तो २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकला, तेही पुण्याच्या बालेवाडीत. २०२५ मध्ये गुजरातने त्याच्यासाठी २.२३ कोटी मोजले. तीन वर्षांत तीन संघ!

लिलावाचे गणित

२०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली होती, १२.८० लाख. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवनसाठी २.६०५ कोटी दिले. नऊ वर्षांत भाव वीसपट झाला. आपल्या मातीतले उदाहरण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला ३६.४० लाखांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण घेतले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले.

पण महागडा खेळाडू आला म्हणजे संघ जिंकला असे होत नाही. दहाव्या हंगामात एका संघाला खेळाडूंवर ५ कोटींपर्यंतच खर्च करता येत होता. तेलुगूने त्यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या पवनवर घातला. पवन खेळला, पण बाकीचा संघ उभा राहिला नाही आणि २२ साखळी सामन्यांत दोनच विजय मिळवून तो तळाला गेला. त्याच हंगामात पुणेरीचा कर्णधार होता आपला अस्लम इनामदार आणि चढाईत पंकज मोहिते व मोहित गोयतसारखी तरुण मुले.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट याहून बोलकी आहे. तमिळ थलायवाजने पवनला २.२६ कोटींना घेतले. पहिल्याच सामन्यात, तोही गुजरातविरुद्ध, त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. तरीही नरेंदरसारख्या नवख्या चढाईपटूच्या जोरावर तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. आणि प्रदीप? २०२५ च्या लिलावात १,८०१ गुणांच्या मालकावर कोणीही बोली लावली नाही. त्यानंतर लगेच त्याने निवृत्ती जाहीर केली.

लिलावात खेळाडू आपले नाव नोंदवतो, पण कुठल्या संघात जायचे हे बहुधा त्याच्या हातात नसते. अमेरिकेतही फारसे वेगळे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचसारखा पंचविशीतला खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिसला घेतले. त्याच्या आदल्याच हंगामात लुकाने डॅलसला अंतिम फेरीत नेले होते. अदलाबदल ठरेपर्यंत त्याला याचा पत्ताही नव्हता.

हीच अदलाबदल घरात आली तेव्हा

माझा भाचा वीस वर्षांचा आहे. नरोलीतच वाढला. लहानपणापासून इथल्याच एका गटाकडून खेळतो. डाव्या बाजूने चढाई आणि पायाचा स्पर्श चांगला. मागच्या वर्षी वापीकडच्या एका संघाने त्याला बोलावले. प्रवासखर्च, बूट, खुराक आणि पुढे नोकरीची शक्यता. त्याच्या गटातल्या मुलांनी चार दिवस त्याच्याशी बोलणे टाकले. एकाने तर ग्रुपवर 'गद्दार' असे लिहिले. शादलू पुण्याहून हरियाणाला गेला तेव्हा 'पैसा मिळाला तर जाणारच' म्हणणारी हीच मुले.

रात्री भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, तू सांग. मी गेलो तर चुकतोय का?"

मी त्याला उलट विचारले, "तुझे बाबा साताऱ्याहून इथे कशाला आले? आणि इथे आल्यावर कंपनी किती वेळा बदलली?"

तो म्हणाला, "तीनदा."

"मग त्यांना कोणी गद्दार म्हटले का?"

तो काही बोलला नाही. ताईने मात्र आतून सांगितले, "म्हटले होते. तुझ्या आजीनेच. गाव सोडताना." आणि मग तीच हसली.

कबड्डीतली कारकीर्द किती असते? गुडघा, खांदा, घोटा, यांतले काही एक गेले की संपले. प्रदीप नरवालसारख्याला तिशीच्या आत थांबावे लागले, तर जिल्हा पातळीवरच्या मुलाने मिळालेली संधी सोडावी असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण गटातल्या मुलांचा रागही खोटा नव्हता. त्याच्या चढाईवर त्यांचा संघ उभा होता. त्याला पकडून पकडूनच त्याची चढाई तयार झाली होती. चढाईपटू एकटा घडत नाही, सरावात रोज त्याला अडवणारे सहा-सात जण त्याला घडवतात.

भाच्याने तोडगा स्वतःच काढला. तो वापीच्या संघात गेला, पण जाण्याआधी गटातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगून आला. रविवारी सुट्टी असली की इथल्या धाकट्या मुलांचा सराव तो घेतो. 'गद्दार' लिहिणाऱ्याचा लहान भाऊही त्या सरावाला असतो.

वाद घाला, पण असा

युवा मंडळींना सांगणे एवढेच. वाद जरूर घाला, खेळावर प्रेम असल्याशिवाय माणूस भांडत नाही. फक्त आकडा फेकताना तो किती सामन्यांतला आहे, हेही सांगा. कोणत्या नियमांत आणि कोणत्या बचावासमोर मिळाला, ते पाहा. चढाईपटूंची नावे घेताना एखाद्या कोपरारक्षकाचेही घ्या. आणि मुलींच्या कबड्डीला विसरू नका. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातली आपली मुंबईची अभिलाषा म्हात्रे किती जणांना आठवते? आमच्या बाकावर विचारले तेव्हा उत्तर फक्त एका मुलीने दिले.

राहिला प्रश्न आपल्या संघाचा. मुलगा गुजरातचा झेंडा घेऊन बसला तर वडिलांनी वाईट वाटून घेऊ नये. तो जिथे वाढला तिथला संघ त्याला आपला वाटतो, यात गैर काय? त्याने पकडीला 'पकड' आणि ऑल आउटला 'लोण' म्हटले, आणि लोण चढला की मराठीत ओरडला, तर आपले घर अजून शाबूत आहे असे समजावे.