झाडावरची गाय

टिपेश्वरच्या जंगलात वाघ बघायला आलेला माणूस वांदराकडे सहसा ढुंकून पाहत नाही. सुन्ना गेटमधून जिप्सी आत शिरली, की सगळ्यांच्या नजरा धुळीतल्या पगमार्कवर. बाजूच्या चिंचेवर काळ्या तोंडाची दहाबारा वांदरं शेपट्या सोडून बसलेली असतात. त्यांच्यावर एखादा फोटो खर्ची पडला तर पडला. इथे यवतमाळ जिल्ह्यात हा प्राणी इतका रोजचा आहे, की त्याच्यात काही नवल असेल असं कुणाच्या मनात येत नाही. घराच्या कवेलूंवर तो, शाळेच्या छपरावर तो, तुरीच्या शेतात तर हमखास तो.

चिंचेखाली दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. एक मादी, पोटाला पिल्लू चिकटलेलं. ती डहाळी ओढते, शेंड्याची कोवळी पालवी तेवढी दातांनी ओरबाडते आणि उरलेली डहाळी खाली टाकून देते. लगेच दुसरी. अर्धं खाणं, अर्धं सांडणं. लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशव्या असतात; ते घाईघाईने गाल भरून पळतं आणि मग निवांत चावतं. वानराच्या गालात अशी सोय नाही. त्याची पिशवी पोटात आहे, आणि खरं नवल तिथेच आहे.

पान खाऊन जगणं ही अवघड गोष्ट आहे. पानात पाणी भरपूर, ताकद थोडी, आणि जी ताकद असते तिच्यातली बरीचशी सेल्युलोजच्या भिंतीत कोंडलेली. ही भिंत फोडणारा पाचकरस कुठल्याच सस्तन प्राण्याला स्वतः तयार करता येत नाही. ते काम जिवाणूंना द्यावं लागतं, आणि जिवाणूंना राहायला पोटात जागा द्यावी लागते. ही जागा कुठे द्यायची, याची दोन उत्तरं माकडांच्या मोठ्या गोतावळ्यात सापडतात. एक आफ्रिकेतल्या गोरिलाचं, दुसरं आपल्या वांदराचं.

गोरिलाने जागा दिली ती मागे, मोठ्या आतड्यात. अन्न आधी जठरातून जातं आणि राहिलेला चोथा शेवटी आतड्यात आंबतो. त्यासाठी आतडं लांबरुंद हवं, म्हणून पोट सुटलेलं, आणि देह असा की मोठा नर दीडशे किलोच्या पुढे जातो. विरुंगाच्या पर्वतरांगेत तो रानटी सेलरी, काटेरी झुडपं, खाजरी पानं आणि बांबूचे कोंब दिवसभर खात बसतो. सखल भागातल्या गोरिलांना फळं मिळतात, तेव्हा ते आवडीने फळं खातात. दोघांचंही घर विषुववृत्ताजवळ, जिथे हिरवा पाला बारा महिने हाताशी असतो.

आपल्या वांदराच्या नशिबी तसं जंगल नाही. १९९७ साली घोषित झालेलं टिपेश्वर हे १४८.६३ चौरस किलोमीटरचं सागाचं पानगळीचं रान. मार्च-एप्रिलमध्ये साग उघडा पडतो, पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो आणि नाल्यांतली वाळू तापते. अशा दिवसांत पानं खाणाऱ्याने जगायचं कसं? वांदराने यावर नेमाने फिरतीचा मार्ग काढलेला दिसतो. पळस फुलला की पळसाची फुलं. मग मोहाची. पिंपळाला पालवी फुटली की तांबूस कोवळी पानं, उंबर धरला की उंबर, मग टेंभुर्णी. मधल्या फटीत कळ्या, डिंक, कच्च्या शेंगा. पाणी नसेल तर पाल्यातल्या ओलाव्यावरही तो बराच काळ काढतो.

आणि त्याच्या पोटात चक्क गाय आहे. त्याचं जठर एकाच पोकळीचं नव्हे, कप्प्याकप्प्यांचं आहे. वरच्या कप्प्यांत आंबटपणा जवळजवळ नसतोच, कारण आंबटात जिवाणू मरतील. तिथे पाला मुरतो, आंबतो, आणि पानांतली काही विषंही रक्तात जाण्याआधीच बरीचशी बोथट होतात. मग सगळा ऐवज जिवाणूंसकट खालच्या आंबट कप्प्यात उतरतो आणि ज्यांनी पाला शिजवला ते जिवाणूही पचवले जातात. गोरिलाला ही मेजवानी फारशी मिळत नाही. त्याचे जिवाणू शेवटच्या मुक्कामावर असतात. वांदर गायीसारखा रवंथ मात्र करत नाही. भर दुपारी फांदीवर डोळे मिटून बसलेलं वांदर आळशी वाटतं, पण त्याच्या आत भट्टी चालू असते.

गायीचं नाव मी उगाच घेतलं नाही. जिवाणू फोडणारं लायसोझाइम नावाचं प्रथिन आपल्या अश्रूंत आणि लाळेत असतं. गायीने आणि वांदराने ते जठरात कामाला लावलं. १९८७ साली कॅरो-बेथ स्टुअर्ट, ॲलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी दोघांची लायसोझाइमं ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींत काही बदल अगदी सारखे निघाले. त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले, आणि तरी उत्तर एकच. उत्क्रांतीच्या पुस्तकांत हे उदाहरण आजही देतात. त्यातलं एक पात्र आपल्या छपरावर बसून कवेलू फोडत असतं, एवढंच.

गोरिला आणि आपलं रान यांना जोडणारा एक माणूसही आहे. जॉर्ज शॅलरने १९५९-६० मध्ये विरुंगात गोरिलांचा अभ्यास केला, ते काय खातात याच्या नोंदी ठेवल्या, आणि १९६३ मध्ये तो मध्य प्रदेशातल्या कान्हाला वाघ आणि हरणं पाहायला आला. त्या हरणांचं वांदराशीही नातं आहे: वांदराने टाकलेल्या डहाळ्या खायला चितळ झाडाखाली जमतात, हे मध्य भारतातल्या जंगलांत नेहमीचं दृश्य आहे. वरच्याची नजर लांब जाते, खालच्याचं नाक तिखट. वाघ दिसला की वरून ‘खॅक्, खॅक्’ सुरू होतं आणि खाली शेपट्या ताठ. टिपेश्वरचे गाइडही वाघ शोधताना याच आवाजाकडे कान देतात. ज्याच्याकडे पर्यटक बघत नाही, तोच त्याला वाघ दाखवतो.

शेतकऱ्याला मात्र हे कौतुक सांगायची सोय नाही. “वांदरं आले रे!” अशी आरोळी उठते, तेव्हा तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात. पळस, बाभूळ आणि चिंच ज्या शेंगांच्या कुळातली, त्याच कुळातली तूर आणि हरभरा. फरक इतकाच, की शेतात त्या एका जागी, ओळीने लावलेल्या आणि टंच दाण्यांच्या मिळतात. रात्री रानडुकरांसाठी जागल करायची आणि दिवसा वांदरांमागे धावायचं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्याचा राग खोटा नाही.

रस्त्यावरच्या भाविकाशी मात्र बोलायला हवं. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी, किंवा पांढरकवड्याजवळ महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून वांदराला बिस्किटाचा पुडा, ब्रेड, बुंदी दिली जाते. गायीला एकदम खूप धान्य घातलं तर पोटात आम्ल वाढून ती आजारी पडते, हे यवतमाळच्या कुठल्याही घरात ठाऊक आहे. वांदराच्या वरच्या कप्प्यांतही गोड आणि मैद्याचं असंच भलतं आंबतं. शिवाय पुड्याच्या आशेने पिल्लं ट्रकच्या चाकांपुढे येतात, ते वेगळंच. तेव्हा पुढच्या शनिवारी नारळ मारुतीला फोडा, आणि बिस्किटाचा पुडा गाडीतच राहू द्या.