कळमनुरीहून दिल्लीला गेलेले प्रश्न

१६ मे २०१४ रोजी लोकसभेचे निकाल लागले तेव्हा महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसच्या वाट्याला दोनच आल्या. एक नांदेडची, अशोक चव्हाण यांची. दुसरी तिला लागूनच असलेल्या हिंगोलीची. तिथे कळमनुरीचे राजीव सातव शिवसेनेच्या सुभाष वानखेडे यांच्यापेक्षा अवघ्या १,६३२ मतांनी पुढे राहिले. देशभरात पक्षाचे ४४ खासदार. एकूण जागांच्या दहा टक्केही नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेतेपदसुद्धा मिळालं नाही. अशा वेळी मराठवाड्यातल्या एका मागास जिल्ह्याचा पहिल्यांदाच निवडून आलेला खासदार दिल्लीत जाऊन करणार तरी काय?

सातव यांच्या घरात राजकारण होतं. आई रजनीताई राज्यात मंत्री राहिलेल्या. स्वतः ते २००९ मध्ये कळमनुरीचे आमदार झाले, पुढे युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष. पण विरोधी बाकावर बसलं की घराण्याचा फारसा उपयोग होत नाही. मंत्रालयांत वजन नसतं. खासदार निधी वर्षाला पाच कोटी. तो हिंगोली, वसमत, कळमनुरी, किनवट, हदगाव आणि यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड अशा सहा विधानसभा मतदारसंघांत वाटला की एकेका गावाला सभामंडप नाहीतर हायमास्ट दिवा, एवढंच हाती येतं. विरोधी खासदाराकडे खऱ्या अर्थाने उरतं ते एकच हत्यार, प्रश्न. सातव यांनी ते मनापासून वापरलं. पाच वर्षांत त्यांच्या नावावर हजारावर प्रश्न नोंदले गेले आणि संसदरत्न पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला.

हे हत्यार चालतं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास, अकरा ते बारा, प्रश्नांचा. खासदाराने किमान पंधरा पूर्ण दिवस आधी लेखी सूचना द्यायची. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत. त्यात तर्कवितर्क नको, उपरोध नको, कुणावर हेत्वारोप नको. विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. ही शेवटची अट हिंगोलीसारख्या जिल्ह्याला फार जाचते, कारण तिथलं निम्मं दुखणं राज्याच्या कक्षेत येतं. ईसापूरच्या कालव्याचं पाणी, ग्रामीण रुग्णालयातल्या रिक्त जागा, तलाठ्याचं कार्यालय, यातलं काहीच दिल्लीत थेट विचारता येत नाही. मग केंद्र पुरस्कृत योजना शोधायची, तिचा निधी कुठे अडला ते विचारायचं आणि त्या वाटेने आपल्या तालुक्यापर्यंत यायचं. हे कसब मुरायला वेळ लागतो.

आलेल्या सूचनांची सोडत निघते. रोज वीस प्रश्न तारांकित ठरतात, २३० अतारांकित. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, बस्स. तारांकिताची गोष्ट वेगळी. तिथे मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं, आणि मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न विचारता येतात. खरी परीक्षा त्या उपप्रश्नांची. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. उपप्रश्न मात्र मंत्र्याला आधी माहीत नसतो. अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठ्या येऊ लागल्या की समजावं, नेम बरोबर लागला. तासाभरात वीसपैकी जेमतेम चार-सहा प्रश्नांची तोंडी उत्तरं होतात, म्हणून यादीत आपला क्रमांक वर लागावा अशी प्रत्येकाची इच्छा असते.

चांगला प्रश्न आणि वाया गेलेला प्रश्न यांतला फरक एका उदाहरणाने सांगतो. समजा कुणी विचारलं, हिंगोली जिल्ह्यातल्या पीकविम्याच्या अडचणी सोडवण्यासाठी सरकार काय करत आहे? उत्तर म्हणून योजनेचं माहितीपत्रक हाती पडेल. आता हाच प्रश्न असा मांडा: गेल्या तीन वर्षांत हिंगोली जिल्ह्यात किती शेतकऱ्यांनी सोयाबीनचा विमा उतरवला, किती हप्ता गोळा झाला, किती दावे मंजूर झाले, किती नाकारले, कोणत्या कारणाने, आणि किती रक्कम आजही थकीत आहे? इथे मंत्रालयाला आकडे द्यावेच लागतात. आकडे नसतील तर माहिती गोळा करून पटलावर ठेवू, असं लिहून द्यावं लागतं. हे वाक्य वाचून पुष्कळजण निराश होतात. पण संसदेच्या लेखी ते आश्वासन असतं. शासकीय आश्वासनांची समिती त्याची नोंद घेते आणि तीन महिन्यांत पूर्तता व्हावी अशी अपेक्षा असते. एकदा आकडा पटलावर आला की तो सरकारचाच आकडा. तो घेऊन शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो, वकील न्यायालयात जाऊ शकतो, वार्ताहर बातमी करू शकतो.

सभागृहात प्रश्न विचारून सरकारला घाम फोडण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या केंद्रीय कायदेमंडळात सरकारी आकडेच सरकारवर उलटवले. पुण्याचे मधु लिमये बिहारमधून निवडून जात, आणि नियमांच्या पुस्तकावर त्यांची एवढी हुकमत होती की ते उभे राहिले की सत्ताधारी बाकं सावध होत. प्रश्नांच्या संख्येला मात्र मी फारसं महत्त्व देत नाही. कार्यालयातल्या सहायकांकडून घाऊक प्रश्न लिहून घेऊन यादीत वर चढणं अवघड नाही. २००५ मध्ये तर पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. सातव यांच्या बाबतीत संख्येपेक्षा मला मोलाचं वाटतं ते हे, की सत्ता नाही म्हणून त्यांनी मतदारसंघाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१५ मध्ये गदारोळामुळे अध्यक्षा सुमित्रा महाजन यांनी काँग्रेसच्या पंचवीस खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं. त्यात सातव होते. पक्षाचा आदेश मोडणं सोपं नसतं हे मान्य. तरीही गोंधळात पहिला बळी प्रश्नोत्तराच्या तासाचा जातो आणि त्यात सरकारचं काहीच बिघडत नाही. सरकारचं काम आवाजी मतदानाने पुढे सरकतं. विरोधकाचा प्रश्न तेवढा बुडतो.

याच काळात सातासमुद्रापार एक मराठी आडनावाचा माणूस नेमाने अशा प्रश्नांना तोंड देत होता. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर यांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, २०२२ मध्ये पुन्हा झाले. डब्लिनच्या लेन्स्टर हाउसमधल्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे डॉलमध्ये, अधिवेशन चालू असताना ठरलेल्या दिवशी विरोधी पक्षांचे नेते पंतप्रधानांना थेट प्रश्न विचारतात, विषयाची आगाऊ सूचना न देता. शिन फेन पक्षाच्या मेरी लू मॅकडोनल्ड घरटंचाईवरून, भाड्यांवरून, रुग्णालयांतल्या रांगांवरून वराडकरांना धारेवर धरत, आणि त्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडकडून घेतली, राज्यसभेतल्या बारा नामनिर्देशित सदस्यांचीही प्रेरणा तिथलीच. पंतप्रधानांनी दर आठवड्याला विरोधकांसमोर उभं राहण्याची ही प्रथाही आपण घ्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे पंतप्रधानांच्या खात्यांचे प्रश्न येतात, पण बहुतेकदा राज्यमंत्रीच उत्तर देतात.

सातव यांनी २०१९ ची लोकसभा लढवली नाही. गुजरातच्या पक्षकार्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. २०२० मध्ये ते राज्यसभेवर गेले, आणि गेले ते नेमके अशा अधिवेशनात की ज्यात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. करोनाचं कारण देऊन त्या सप्टेंबरात तो वगळला गेला, फक्त लेखी उत्तरं ठेवली. २० सप्टेंबरला कृषी विधेयकं आली. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती न होता विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. सभागृहात मोठा गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत सातव. २१ सप्टेंबर हा त्यांचा वाढदिवस. शेहेचाळीस पूर्ण झाल्याची ती रात्र त्यांनी संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याजवळ, धरणं धरलेल्या सहकाऱ्यांसोबत काढली. सोयाबीन आणि हळदीच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला शेतीच्या कायद्यावर मत मोजून घ्या असं म्हणावंसं वाटलं, यात मला काहीच गैर दिसत नाही.

पुढच्या वर्षी करोनाने त्यांना गाठलं. १६ मे २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. लोकसभेचा तो निकाल लागून बरोबर सात वर्षं झाली होती. अंत्यसंस्कार कळमनुरीत झाले. ज्या कायद्यांसाठी ते निलंबित झाले, ते मागे घेण्याची घोषणा त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला झाली. ती ऐकायला ते नव्हते.

हिंगोलीचा मतदार चोखंदळ आहे. १९९१ पासून इथे सलग दोनदा कुणालाच लोकसभेवर पाठवलेलं नाही. २०२४ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर निवडून आले, म्हणजे केंद्रात पुन्हा विरोधी बाकावरचाच खासदार. माणूस बदलतो, पक्ष बदलतो. विचारायचे प्रश्न मात्र तसेच पडून आहेत. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण भावाचं काय? औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींची प्रयोगशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. त्यातला रोजगार जिल्ह्यातल्या पोरांना किती मिळणार? पूर्णा-अकोला मार्गावर गाड्या कधी वाढणार?

हे प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून भागत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराच्या नावापुढे त्याचे प्रश्न आणि सरकारची उत्तरं हिंदी-इंग्रजीत कुणालाही पाहता येतात. गावातल्या शिकलेल्या मुलांनी ती उघडावीत, वाचावीत, वडीलधाऱ्यांना सांगावीत. आणि पुढचं अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर आधी आपला एक नेमका प्रश्न, आकडे मागणारा, लेखी स्वरूपात खासदारांच्या कार्यालयात नेऊन द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.