यंत्र कसे असावे हे कोणी ठरवावे?

संगणकप्रणाली वापरणाऱ्याला सोयीची असावी, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. परंतु वापरणाऱ्याची सोय पाहणे वेगळे आणि प्रणालीविषयीच्या निर्णयात त्याला वाटा देणे वेगळे, हा भेद मुळापासून तपासण्याचे काम प्रामुख्याने नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या स्कँडिनेव्हियन देशांतील संशोधकांनी केले. वापरकर्ता-केंद्री आरेखनात तज्ज्ञ वापरणाऱ्याचे निरीक्षण करतात, त्याच्या मुलाखती आणि चाचण्या घेतात, मात्र अखेरचा शब्द स्वतःकडे ठेवतात. सहभागी आरेखनात, ज्यांचे रोजचे काम नव्या यंत्रणेमुळे पालटणार आहे ती माणसे, यंत्रणेचा आराखडा तयार होत असतानाच निर्णयाची वाटेकरी होतात.

या परंपरेचा उगम कामगार चळवळीत आहे. ओले-योहान दाल यांच्यासह सिम्युला ही संगणकभाषा निर्माण करणारे नॉर्वेचे क्रिस्टन नीगार्ड यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर संशोधन हाती घेतले. कारखान्यांत येऊ घातलेली संगणकीय नियोजनाची आणि देखरेखीची यंत्रणा कामगारांना समजावी, तिच्याविषयी त्यांना मालकांशी बरोबरीने बोलता यावे, यासाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली आणि कामगारांचे अभ्यासगट उभे राहिले. संशोधनाचे फलित म्हणजे विद्वानांचे अहवाल नव्हेत, तर संशोधनाच्या बळावर संघटनेने प्रत्यक्ष केलेली कृती, अशी व्याख्या या प्रकल्पाने स्वीकारली. विद्यापीठीय जगात ही भूमिका आजही धाडसाची ठरावी. पुढे १९७५ मध्ये नॉर्वेतील कामगार व मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांत संगणकप्रणालींविषयी करार झाला, आणि स्वीडनमध्ये १९७६ साली संमत झालेल्या सहनिर्णय कायद्याने कामगार संघटनांना वाटाघाटीचे व्यापक अधिकार दिले.

तरीही हक्क मिळाल्याने यंत्र बदलत नाही. बाजारात मिळणारी प्रणाली मालकाच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेली असेल, तर वाटाघाटीत तिला फार तर नकार देता येतो. म्हणून १९८१ ते १९८५ या काळात यूटोपिया हा प्रकल्प राबवला गेला. त्यात नॉर्डिक देशांच्या मुद्रण कामगार संघटना आणि पेले एन, मॉर्टन क्यूंग, सुसाने बोड्कर आदी संशोधक एकत्र आले. वृत्तपत्राच्या पानाची जुळणी संगणकावर गेली तरी कामगाराचे कसब शाबूत राहावे, किंबहुना ते वाढावे, हे त्याचे उद्दिष्ट होते.

सुरुवातीला संशोधकांनी आपल्या सवयीप्रमाणे प्रणालीच्या आकृत्या आणि लेखी वर्णने पुढे ठेवली. ती कामगारांच्या पचनी पडली नाहीत, कारण पान लावण्याचे ज्ञान त्यांच्या हातांत आणि नजरेत होते, व्याख्यांत नव्हते. मग पुठ्ठा, कागद आणि प्लायवूड यांची नकली यंत्रे तयार झाली. एका रिकाम्या खोक्यावर ‘टेबलावरचा लेसर प्रिंटर’ असे लिहिले गेले, पडद्याच्या जागी कागद आला, आणि कामगार पान लावत जाई तसतसे प्रत्येक पायरीला नवे चित्र समोर ठेवले जाई. जे यंत्र त्यांच्या कामाच्या जागी अजून आलेच नव्हते त्यावर काम करून पाहता येत होते, आणि एखादी पायरी अडली तर तिथल्या तिथे ती बदलता येत होती. पुठ्ठ्याला कोणीही हात लावू शकतो. महागड्या यंत्रापुढे दबून जाणारा माणूस त्याच्यापुढे मोकळा होतो. पेले एन यांनी या अनुभवाचा अर्थ लावताना तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइन यांच्या ‘भाषाखेळ’ या कल्पनेचा, म्हणजे शब्दांना अर्थ मिळतो तो एकत्र केलेल्या व्यवहारातून या विचाराचा, आधार घेतला.

या प्रकल्पाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. त्यातील विचारांवर आधारलेल्या प्रणालीची चाचणी स्टॉकहोमच्या आफ्टनब्लाडेट या वृत्तपत्रात झाली. पण पानाच्या मांडणीत ज्यांचा तितकाच हात असतो त्या पत्रकारांची संघटना प्रकल्पात भागीदार नव्हती, आणि सहभागाचा आग्रह धरणाऱ्या प्रकल्पाची ही उणीव गंभीर म्हटली पाहिजे.

१९९० पासून या विषयावर दर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. दरम्यान अनेक कंपन्यांनी नकली नमुन्यांची पद्धत उचलली, परंतु तिच्या मागची वाटाघाट मात्र बाजूला ठेवली. ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी ही परंपरा आरोग्यसेवेकडे वळवली. १९९४ नंतर दक्षिण आफ्रिकेत आकाराला आलेल्या त्यांच्या प्रकल्पात वरच्या स्तराला हवी असलेली माहितीची किमान यादी सर्वांसाठी समान ठेवली गेली आणि तिच्यात स्थानिक गरजेची भर घालण्याची मोकळीक खालच्या स्तरांना मिळाली. हेच काम पुढे आंध्र प्रदेशात कुप्पम परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुरू झाले तेव्हा परिस्थिती निराळी होती: नॉर्वेच्या कामगारामागे संघटना, करार आणि कायदा उभा होता, तर येथील आरोग्यसेविकेला नोंदवह्या भरण्याचे आदेश वरून येत होते, त्यामुळे प्रशिक्षण आणि अधिकाऱ्यांचे मन वळवणे हाच सहभागाचा पहिला टप्पा ठरला.