अमेरिकेचा इतिहास आणि आपल्या आजीची जबानी

आपली मुले-मुली आता बी.ए.पर्यंत पोचली आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण प्रकल्प द्यायचा म्हटला की गाईडमधली दहा पाने उतरवायची आणि मोकळे व्हायचे, अशी रीत पडली आहे. विषय अमेरिकेचा असला तर ‘आपला काय संबंध?’ असे विचारले जाते.

संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डुबॉइस यांना पत्र लिहून युनोकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जपले आहे; मोबाइलवर ते फुकट वाचता येते.

अमेरिकेत १८६५ साली घटनेच्या १३ व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. पुढे १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून माणसे गावोगाव फिरली आणि गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक जबान्या लिहून घेतल्या. त्याही मोबाइलवर वाचता येतात. मात्र लिहून घेणारे बहुतेक गोरे होते. त्यांच्यापुढे अनेक वृद्ध मोकळेपणाने बोलले नसावेत, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे काय विचारले याइतकेच कोणी विचारले हेही महत्त्वाचे.

आता आपल्याकडे पाहा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. १९७८ साली विशीत असलेली माणसे आज सत्तरीला टेकली आहेत. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्यात ती भेटतील. त्यांना आपल्या घरातल्या मुलीपेक्षा अधिक विश्वासाने कोण विचारणार?

विद्यार्थ्यांनो, अमेरिकेतील पाच जबान्या वाचा. मग पाच वडीलधाऱ्यांना भेटा. आधी परवानगी घ्या. गाव, वय, तारीख नोंदवा. त्यांचे शब्द बदलू नका. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. नाव नको म्हणाले तर लिहू नका. नंतर दोन्हींची तुलना करा. पालकांनो, मुलांना त्यासाठी चार रविवार मोकळे द्या.

गाईड पुढच्या वर्षीही मिळेल. आजी मिळेलच असे नाही.