बालकांची जलसुरक्षा

बालकांची जलसुरक्षा : लहान मुले पाण्यात बुडू नयेत म्हणून त्यांचा सांभाळ करणाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता व त्यासाठी दिले जाणारे प्रशिक्षण. द्रवात बुडाल्यामुळे श्वसनास अडथळा येण्याची क्रिया म्हणजे बुडणे, अशी व्याख्या ॲम्स्टरडॅम येथील जागतिक परिषदेत 2002 मध्ये करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लक्ष व्यक्ती बुडून मरण पावल्या. त्यांपैकी जवळजवळ एकचतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती.

बुडणारा ओरडतो व हात हालवितो, ही समजूत लहान मुलांच्या बाबतीत बहुधा खोटी ठरते. एकदोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना तोल गेला, तर त्याला वर उठता येत नाही आणि आवाजही फुटत नाही. नाकतोंड बुडेल एवढे पाणी पुरेसे होते व काही मिनिटांतच प्राणवायूअभावी मेंदूस इजा होऊ लागते. शेगडीवरचे दूध उतरवून येण्याइतका वेळही म्हणून धोक्याचा होय.

नागपूर शहरात अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा असे तलाव आहेत. तथापि रांगत्या मुलास तलावापेक्षा घरातील पाण्याचे भय अधिक. उन्हाळ्यात तापमान 45° से.च्या आसपास जाते, तेव्हा पिंपे, बादल्या, भूमिगत टाक्या व कूलरच्या टाक्या भरलेल्या असतात. काटोल, नरखेडकडील संत्र्यांच्या बागांत विहिरी असतात. त्यांना कठडा व जाळी हवी. पावसाळ्यात धोक्याची जागा बदलते : 23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटे अंबाझरी तलाव ओसंडल्याने सखल वस्त्यांतील घरांत पाणी शिरले होते.

प्रशिक्षण मुख्यतः आजीआजोबा, थोरली भावंडे, पाळणाघरातील दाई व अंगणवाडी सेविका यांना द्यावे लागते. पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर ठेवणे, लक्ष ठेवणारी व्यक्ती निश्चित करणे, बादल्या वापरानंतर पालथ्या घालणे व टाक्यांना कडी घालणे हा त्याचा गाभा. दहा वर्षांच्या बहिणीवर धाकट्याची राखण सोपविणे हा उपाय नव्हे. बांगला देशात सकाळी 9 ते दुपारी 1 पर्यंत चालणाऱ्या ‘अंचल’ नामक पाळणाघरांमुळे असे मृत्यू बरेच घटल्याचे आढळले. आईच्या कामाची वेळ तीच असते. भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 मध्ये सुरू झाली. परंतु अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक वर्ग 3 ते 6 वर्षे वयाच्या मुलांसाठी असल्याने सर्वाधिक जोखमीचे वय घरीच राहते. 2022 पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत 6 महिन्यांपासूनची मुले येतात.

बुडालेल्या मुलास उलटे धरून फिरविणे किंवा पोट दाबणे घातक असते. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावेत व नंतर 30 वेळा छाती दाबून 2 श्वास हा क्रम चालू ठेवावा [⟶ कृत्रिम श्वसन]. दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर आले, तरी रुग्णालयात न्यावे. श्वसनाचा त्रास काही तासांनीही उद्भवू शकतो.