संगणक आतून, भाग ६ : खोका नको, चिपलाच विचारा

मागच्या भागानंतर एका वाचकांनी कळवले : नव्या संगणकावर जुन्या डीव्हीडीवरून लिनक्स टाकले, बाकी सगळे चालते, पण नेटवर्कची केबल जोडूनही इंटरनेट येत नाही. ड्रायव्हर कोणता घेऊ? सोबत त्यांनी खोक्यावरचे मॉडेलचे नाव लिहिले होते. त्या नावावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन खेपांत वेगवेगळ्या चिपा बसवलेल्या असू शकतात, आणि ड्रायव्हर लागतो तो चिपला.

चिप आपली ओळख स्वतःजवळ बाळगते. पीसीआय प्रकारच्या प्रत्येक उपकरणात थोडी जागा याच कामासाठी राखलेली असते. तिच्या पहिल्या दोन बाइटांत निर्मात्याचा क्रमांक आणि पुढच्या दोन बाइटांत उपकरणाचा. संगणक सुरू होताना प्रत्येक जागेला हे विचारले जाते. जिथे काहीच बसवलेले नाही, तिथून निर्मात्याच्या जागी चार वेळा ‘एफ’ येतो. निर्मात्यांना क्रमांक देण्याचे काम पीसीआय-सिग ही संघटना करते. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, म्हणजे त्यांच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. मला हा तपशील फार आवडतो.

आता टर्मिनल उघडा. ‘एलएसपीसीआय’ ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत सलग टंका, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून एन, एन, के. इथरनेटच्या ओळीत चौकटी कंसात बहुधा १०ईसी:८१६८ दिसेल. १०ईसी म्हणजे रिअलटेक. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या शब्दांपुढे नाव असते आर८१६९.

इथे अनेकांची गल्लत होते. कार्ड ८१६८ आणि ड्रायव्हर ८१६९, म्हणजे चुकीचाच लागला असे समजून ते दुसरा शोधू लागतात. पण हा एकच ड्रायव्हर त्या चिपांचे अख्खे कुटुंब सांभाळतो. ड्रायव्हरच्या फाइलमध्ये त्याला ओळखू येणाऱ्या क्रमांकांची यादी असते, आणि कर्नल जोडी जुळवतो ती त्या यादीवरून. नाव फक्त तुमच्या-माझ्या सोयीसाठी.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. ८१६८ या एकाच क्रमांकाखाली चिपेच्या कित्येक पिढ्या येतात. म्हणून ओळीच्या शेवटी ‘रेव्ह’पुढचा आकडाही टिपून घ्या. चिप नवी आणि कर्नल जुना असेल, तर ‘कर्नल मॉड्यूल्स’समोर आर८१६९ दिसतो, पण ‘इन यूज’ची ओळच नसते. म्हणजे ड्रायव्हर हजर आहे, पण त्याने चिपेचा ताबा घेतलेला नाही. असे असेल तर ‘डीमेसेज’ (टंकताना फक्त डी, एम, ई, एस, जी) ही आज्ञा सुडोसह चालवून पाहा. ‘अननोन चिप’ अशी तक्रार सापडली, तर नवा ड्रायव्हर हुडकत बसू नका, कर्नलच नवा घ्या. वाचकांच्या संगणकात हेच घडले असावे, असा माझा कयास आहे.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. ‘व्हीईएन’पुढे निर्माता, ‘डीईव्ही’पुढे उपकरण. पिवळे उद्गारचिन्ह लागलेल्या अनोळखी उपकरणाचेही हे आकडे मिळतात. यूएसबीच्या वस्तूंना ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असतात. लिनक्सवर ते ‘एलएसयूएसबी’ने दिसतात.

‘इन यूज’ची ओळ आहे की नाही, एवढे त्या वाचकांनी आधी पाहून कळवावे. ती असूनही इंटरनेट येत नसेल, तर दोष ड्रायव्हरच्या पलीकडे, केबलमध्ये किंवा नेटवर्कच्या मांडणीत शोधावा लागेल.