जिवंत वीट आणि घरातली ओल

मोडलेले हाड नीट बसवले की जुळून येते, कारण ते जिवंत असते. तडा गेलेली भिंत मात्र तशीच राहते. मग वीटच जिवंत असली तर?

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात अभियंते आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मिळून २०२० मध्ये अशी वीट तयार केली. वाळू आणि जिलेटिनच्या मिश्रणात त्यांनी सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू वाढवले. हे जिवाणू कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी बनवतात आणि वाळू घट्ट होते. विटेचे दोन तुकडे करून नवी वाळू, जिलेटिन आणि पोषण दिले, की एकीच्या दोन विटा होतात. माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. म्हणून या प्रयोगाचे मोल मोठे.

अडचण आहे ओलाव्याची. वाळल्यावर वीट मजबूत होते, पण जिवाणू मरतात. ५० टक्के आर्द्रतेत महिन्याभराने जेमतेम ९ ते १४ टक्के जिवाणू उरले. भिंत दमट ठेवली, तर बुरशी धरते. आणि बुरशीने दमा उसळलेले रुग्ण आम्ही दर पावसाळ्यात तपासतो. म्हणूनच या संशोधनात अभियंत्यांच्या शेजारी डॉक्टरही बसायला हवा.

तोवर तुमच्या भिंतीला ओल असेल, तर नुसता रंग मारू नका. आधी गळती बंद करा.